आण्णांची देवयानी

मित्रांनो, कुणाला बरं वाटावं म्हणून तुम्ही कधी खोटं बोललाय का? खरं सांगा हं! मी तर पुष्कळदा बोललोय. पण एका दिवाळीत चक्क आमचे आण्णा माझ्याशी खोटं बोलले, आणि ते उघडकीला आलं एका कडुनिंबाच्या झाडामुळे. त्याचीच ही गोष्ट. हिच्यात एक जुनी दुर्बीण आहे, सुताराकडून करून घेतलेल्या दोन फळ्या आहेत आणि पंचवीस लाख वर्षं प्रवास करून आलेला प्रकाश आहे.

आण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात आमचं लहानसं गाव आहे. पाऊस कमी, झाडं कमी, पण आकाश मात्र भरपूर! आण्णांनी तिथल्या शाळेत आयुष्यभर मुलांना शिकवलं. मी दुसरीत असताना एका रात्री त्यांनी मला झोपेतून उठवून अंगणात नेलं आणि वर बोट दाखवलं.

"तिथं कापसाचं बोंड विस्कटल्यासारखं काही दिसतंय का?"

मी डोळे चोळत म्हणालो, "ढग आहे."

"ढग नाही रे. ती देवयानी. आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचं, दुसरं गाव आहे ते."

तेव्हा मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. पुढे शिकलो तेव्हा समजलं, की आपला सूर्य ज्या अब्जावधी ताऱ्यांच्या समूहात आहे ती आपली आकाशगंगा, आणि तिच्या बाहेर असे असंख्य समूह आहेत. त्यांना दीर्घिका म्हणतात. देवयानी ही आपल्या शेजारची मोठी दीर्घिका. शेजारची म्हणजे किती जवळ? तर पंचवीस लाख प्रकाशवर्षं! प्रकाश एका वर्षात सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो. आता करा गुणाकार! आज आपल्या डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश निघाला, तेव्हा आफ्रिकेत माणसाचे पूर्वज दगडावर दगड आपटून हत्यारं करत होते. आणि एवढ्या लांबची वस्तू अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांनी दिसते, बरं का! अल सूफी नावाच्या इराणी ज्योतिर्विदानं ९६४ सालीच आपल्या ग्रंथात तिची 'लहानसा ढग' म्हणून नोंद केली आहे. म्हणजे तिला ढग म्हणणारा मी काही पहिला नव्हतो!

आता गोष्टीकडे वळू. मी शहरात नोकरीला लागलो आणि साठवलेल्या पैशांतून एक जुनी दुर्बीण विकत घेतली. भिंगाची दुर्बीण. पुढचं भिंग ८० मिलिमीटर रुंदीचं, नळी हातभर लांब. आधीच्या मालकानं ती पावसाळाभर कपाटात बंद ठेवल्यामुळे भिंगाच्या कडेला बुरशीची नक्षी उमटली होती आणि मध्ये एक ओरखडाही होता. पण स्वस्त होती! त्या दिवाळीला मी ती गावी घेऊन गेलो. बहीण भाऊबीजेला यायची होती, पण तिचा मुलगा ओंकार सुट्टी लागल्याबरोबर आजोळी येऊन बसला होता. तो आठवीत होता. प्रश्न विचारून विचारून समोरच्याला दमवणं हा त्याचा आवडता उद्योग.

तोवर आण्णांची नजर फार अधू झाली होती. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. पण डॉक्टर म्हणाले, "डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. तो काही परत येणार नाही." त्यामुळे आण्णा ज्याच्याकडे सरळ बघायचे तेच नेमकं त्यांना दिसायचं नाही. बाजूचं मात्र थोडंफार दिसायचं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघायचे, तेव्हा कुठं त्यांना माझा चेहरा दिसायचा.

वसुबारशीच्या रात्री मी अंगणात दुर्बीण लावली. देवयानी शोधली आणि आण्णांना हाताला धरून आणलं. म्हटलं, "आण्णा, तुम्ही मला दाखवली होती ना? आता मी तुम्हाला दाखवतो."

आण्णा वाकले. नळीला हात टेकून त्यांनी डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग हसून म्हणाले, "दिसली, दिसली! फार छान आहे."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पाठोपाठ ओंकारनं डोळा लावला आणि तो ओरडला, "मामा, यात कडुनिंबाच्या फांद्या दिसतायत!"

आण्णांच्या हाताच्या भारानं नळी खाली झुकली होती. आण्णा काळोखातल्या कडुनिंबाकडे बघून "छान आहे" म्हणाले होते.

कुणीच काही बोललं नाही. मग आण्णाच हळू आवाजात म्हणाले, "तू एवढ्या लांबून घेऊन आलास. नाही दिसली म्हणायला जीव होईना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी ओंकार म्हणाला, "मामा, एक आयडिया! नेटवर देवयानीचे मस्त फोटो असतात. एक घेऊ आणि टीव्हीवर मोठा करून दाखवू. आण्णांना काय, बाजूच्या नजरेनं मोठं चित्र दिसतंच की. आपण काढलाय म्हणून सांगू."

खोटं कशाला बोला, मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण मग वाटलं, काल ते आपल्याशी खोटं बोलले, आज आपण त्यांच्याशी बोलायचं. हा कसला देवाणघेवाणीचा व्यवहार? म्हटलं, "फोटो दाखवू. पण आपल्या दुर्बिणीतून काढलेला."

माझ्याकडे कॅमेरा होता. दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भागाच्या जागी तो जोडता येत होता. पण अडचण वेगळीच होती. देवयानीचा प्रकाश इतका मंद, की कॅमेऱ्याचं दार बराच वेळ उघडं ठेवायला हवं. आणि पृथ्वी तर सारखी फिरते! माझ्या दुर्बिणीतून एक सेकंदाचा फोटो घेतला तरी ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ व्हायची. मोठ्या दुर्बिणींना पृथ्वीच्या उलट दिशेनं फिरवणारी मोटार असते. आमच्याकडे कुठली?

यावर हौशी आकाशनिरीक्षकांचा एक जुना उपाय आहे. दोन फळ्या घ्यायच्या आणि एका टोकाला बिजागरीनं जोडायच्या, वहीच्या पुठ्ठ्यांसारख्या. बिजागरीची रेघ बरोबर ध्रुवताऱ्याकडे रोखायची. बिजागरीपासून २२.९ सेंटिमीटरवर खालच्या फळीत असा बोल्ट बसवायचा, की जो एका फेऱ्यात एक मिलिमीटर वर चढेल. हा बोल्ट मिनिटाला एक फेरा या वेगानं फिरवला, की वरची फळी पृथ्वीच्याच गतीनं पण उलट दिशेनं उघडत जाते. वरच्या फळीवर दुर्बीण बांधायची, म्हणजे तारे जागच्या जागी! आहे की नाही गंमत?

धनत्रयोदशीला आम्ही गावातल्या सुतारमामांकडे गेलो. माप ऐकून ते म्हणाले, "बावीस पॉइंट नऊ? माझ्या पट्टीवर नव्वं घर लई बारीक हाय. पर करतो." आणि त्यांनी केलं! ओंकारनं बोल्टच्या डोक्याला पुठ्ठ्याची चकती चिकटवली आणि तिच्यावर घड्याळासारख्या बारा खुणा केल्या. सेकंदकाट्याबरोबर चकती फिरवायचं काम त्याचं.

पाडव्याच्या रात्री आम्ही फळ्या, दुर्बीण आणि आईनं दिलेला चकल्यांचा डबा घेऊन गावाबाहेरच्या खळ्यावर गेलो. गावातले दिवे आणि फटाक्यांचा धूर तिथं नव्हता. आपल्याकडे ध्रुवतारा अगदी खाली असतो. आमच्या गावातून तर क्षितिजापासून जेमतेम अठरा अंशांवर. बिजागरी त्याच्याकडे रोखायला मला जमिनीवर पालथं पडावं लागलं. ओंकार हसून हसून लोळला.

पण पहिले फोटो बघितले आणि आमचं हसू मावळलं. प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती जांभळ्या शाईचा डाग सांडला होता!

असं का झालं? शाळेत तुम्ही 'तानापिहिनिपाजा' पाठ केलंय ना? पांढऱ्या प्रकाशात हे सगळे रंग असतात आणि काच प्रत्येक रंगाला वेगवेगळं वाकवते. तांबड्याला कमी, जांभळ्याला जास्त. त्यामुळे एकाच भिंगातून आलेले सगळे रंग एका जागी जमतच नाहीत. हा दोष टाळण्यासाठी सतराव्या शतकात लोकांनी भिंगं चपटी आणि दुर्बिणी लांबच लांब केल्या. हेवेलियस नावाच्या ज्योतिर्विदाची एक दुर्बीण १५० फूट लांब होती! न्यूटननं तर १६६८ साली भिंगाचा नाद सोडून आरशाची दुर्बीण केली. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडून हा दोष पुष्कळ कमी करण्यात आला. माझ्या दुर्बिणीतही तशीच जोडी आहे. पण ही जोडी इतर रंगांना बऱ्यापैकी एकत्र आणते आणि शेवटचा 'जा' तेवढा हट्टी मुलासारखा बाहेर उभा राहतो. डोळ्यांना तो फारसा खुपत नाही, पण कॅमेरा त्याला बरोबर टिपतो. बुरशी आणि ओरखडा मात्र मी उगाच मनाला लावून घेतला होता. त्यांच्यामुळे थोडा प्रकाश विखुरतो, इतकंच. फोटोत त्यांचा मागमूसही नव्हता.

तेवढ्यात भिंगावर दव पडलं आणि उरलीसुरली रात्रही वाया गेली. चकल्या तेवढ्या संपल्या.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर आम्ही काळा कार्डशीट घेऊन बसलो. त्याची एक नळी करून दुर्बिणीच्या तोंडावर बसवली, म्हणजे दव लवकर पडणार नाही. आणि एक चकती कापून तिला मधोमध ६० मिलिमीटरचं भोक पाडलं. ती भिंगापुढे लावली की भिंगाचा कडेचा भाग झाकला जातो आणि जांभळा डाग लहान होतो. "मग कालच का नाही लावली?" ओंकारनं लगेच विचारलं. कारण फुकट काहीच मिळत नाही रे बाबा! भिंग झाकलं की प्रकाशही जवळजवळ निम्म्यावर येतो. दोष कमी हवा तर फोटो जास्त घ्यायला हवेत.

भाऊबीजेची कोर लवकर मावळली. आम्ही पंधरा-पंधरा सेकंदांचे दोनशेहून जास्त फोटो घेतले. ओंकार मांडी घालून चकती फिरवत होता. हात थरथरला की फोटो बाद, कुत्रं भुंकलं आणि तो दचकला की फोटो बाद. शेवटी निवडून निवडून ११२ उरले. सगळे मिळून अवघी २८ मिनिटं!

एकेक फोटो बघाल तर त्यात नुसते रंगीबेरंगी ठिपके बुजबुजलेले. मग इतके फोटो कशाला? तुम्ही देवळात भजन ऐकलंय का? एकटा माणूस गाताना चुकला तर लगेच कळतं. पण शंभर जण एकच अभंग म्हणत असले की प्रत्येकाची चूक वेगळ्या जागी होते आणि विरून जाते. अभंग मात्र स्वच्छ ऐकू येतो. तसंच इथं. कॅमेऱ्याचे ठिपके दर फोटोत वेगळ्या जागी पडतात, देवयानी मात्र सगळ्यांत तिथंच असते. सगळे फोटो एकावर एक रचून सरासरी काढली, की ठिपके विरतात आणि ती वर येते. शंभर फोटो रचले तर ठिपक्यांचा त्रास दहापट कमी होतो.

रात्री संगणक हे काम करत होता तेव्हा ओंकारनं शंका काढली. "मामा, जांभळं अजून थोडं राहिलंय. कडेचे तारेपण लांबट झालेत. असला चुकांचा फोटो कुणाला काय उपयोगाचा?"

मी त्याला दोन फोटोंची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स नावाचे एक हौशी निरीक्षक होते. धंदा बांधकामाचा, वेड ताऱ्यांचं. १८८८ साली त्यांनी आपल्या दुर्बिणीतून देवयानीचा फोटो काढला आणि तिची चक्राकार रचना पहिल्यांदा जगाला दिसली. पण त्यांना वाटलं, ही एखादी जन्माला येणारी सूर्यमालाच आहे. फोटो खरा, अर्थ चुकला! पुढे १९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबल यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीचा फोटो काचेच्या प्लेटवर घेतला. त्यात एक नवा ठिपका दिसला. अचानक उजळणारा तारा, म्हणजे नोव्हा, समजून त्यांनी शेजारी 'एन' लिहिलं. मग जुन्या प्लेट्सशी ताडून पाहिल्यावर कळलं, की हा तर ठरावीक काळानं कमीजास्त होणारा तारा आहे. अशा ताऱ्यावरून अंतर मोजता येतं. हबलनी 'एन' वर काट मारली आणि 'बदलता तारा' या अर्थाची इंग्रजी अक्षरं लिहून पुढे उद्गारचिन्ह दिलं. त्या ताऱ्यावरून सिद्ध झालं, की देवयानी आपल्या आकाशगंगेच्या खूप खूप बाहेर आहे. त्यांनी काढलेलं अंतरही खऱ्यापेक्षा बरंच कमी भरलं होतं. ते नंतरच्या लोकांनी सुधारलं. ती काट मारलेली प्लेट आजही जपून ठेवलेली आहे.

ओंकार थोडा वेळ गप्प बसला. (हे फार क्वचित घडतं!) मग म्हणाला, "तरी पण उरलेलं जांभळं संगणकावर पुसता येतं. पुसू?"

"उद्या पुसू," मी म्हणालो. रात्रीचे दोन वाजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठायच्या आधीच बहिणीनं फोटो टीव्हीवर लावून ठेवला होता. मध्ये पिवळसर उजेडाचा गोळा, दोन्हीकडे पसरत गेलेली धूसर लांबट चकती, तिच्या एका कडेनं गेलेली काळसर रेघ आणि शेजारी देवयानीची एक छोटी सोबतीण दीर्घिका. आई म्हणाली, "अगंबाई, रांगोळीवरनं कुणाचा तरी पदर फिरल्यासारखं दिसतंय!"

आण्णा टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसले. आधी सरळ बघितलं. मग मान डावीकडे वळवली, थोडी खाली केली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ते बराच वेळ तसेच बसले. माझ्या पोटात गोळा आला. आता पुन्हा "छान आहे" म्हणाले तर?

"तिरकी आहे," आण्णा म्हणाले. "डावीकडून वर गेलीय." मग त्यांनी टीव्हीच्या कोपऱ्याकडे बोट नेलं. "आणि ह्या ताऱ्याला जांभळं कसलं लागलंय?"

मित्रांनो, तो जांभळा डाग मी आधी पुसला असता तर? नेटवरच्या सुंदर, निर्दोष फोटोत तर तो नसताच. मग आण्णांना खरंच दिसलं की पुन्हा आमचं मन राखलं, हे मला कधीच कळलं नसतं.

ओंकारनं सगळं सांगितलं. भिंग, काच, हट्टी 'जा', सगळं. आण्णा शाळामास्तरच! ते म्हणाले, "तानापिहिनिपाजा. मी चाळीस वर्षांपूर्वी फळ्यावर शिकवायचो, तेच का हे?" आणि मग म्हणाले, "पुसू नका. राहू दे."

तो फोटो आता आमच्या घरात भिंतीवर आहे. आण्णांची नजर काही सुधारली नाही. पण त्यांनीच मला एक गोष्ट शिकवली. मी म्हटलं, "तुम्हाला असं बाजूनं बघावं लागतं, त्रास होत असेल." तर म्हणाले, "अरे, देवयानी बघायची तर डोळे चांगले असणाऱ्यांनापण बाजूनंच बघावं लागतं. तुला दुसरीत तसंच दाखवलं होतं, विसरलास?" आणि ते अगदी खरं आहे! डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागातल्या पेशी उजेडात छान काम करतात, पण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात त्याच्या भोवती. म्हणून अंधूक वस्तू सरळ बघितली की हरवते आणि जरा बाजूला बघितलं की दिसते.

तुम्हालाही बघायचीय ना? मग दिवाळीच्या सुट्टीत, चंद्र नसेल अशा रात्री नऊ-दहाच्या सुमारास गावाबाहेरच्या अंधारात जा. बरोबर कुणीतरी मोठं माणूस हवं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्या. डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. तो भाद्रपदा नक्षत्रांचा, म्हणजे महाश्वाचा चौकोन. त्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून पुढे निघा. पहिला तारा जरा मंद, दुसरा चांगला ठळक. त्या दुसऱ्यापाशी थांबा आणि इंग्रजी एम अक्षरासारख्या दिसणाऱ्या शर्मिष्ठेच्या दिशेनं वळा. दोन मंद तारे ओलांडा. दुसऱ्या ताऱ्याच्या शेजारीच ती आहे.

सरळ बघू नका हं. थोडं बाजूला बघा. आणि दिसली नाही, तर "नाही दिसली" असं खुशाल सांगा. दुसऱ्या रात्री पुन्हा बघता येतं. ती कुठं जात नाही!